पूना हॉर्स : घोड्यांच्या टापांपासून रणगाड्यांपर्यंत

भारतीय लष्कराच्या चिलखती दलाला आजवर दोन परमवीर चक्रे मिळाली आहेत. ही दोन्ही पदके एकाच रेजिमेंटची आहेत आणि त्या रेजिमेंटच्या नावात पुण्याचे नाव आहे. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर बर्झोरजी तारापोर १९६५ च्या युद्धात आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ च्या युद्धात धारातीर्थी पडले. दोघेही पूना हॉर्सचे अधिकारी होते. एकाचे शिक्षण पुण्यात झाले, तर दुसऱ्याचा जन्म पुण्यातला. या रेजिमेंटच्या जवानांत मात्र राजपूत व जाट यांचा भरणा मोठा आहे. घोडा जाऊन रणगाडा आला त्यालाही अनेक दशके लोटली. तरीही लष्करात ती आजही ‘हॉर्स’ म्हणूनच ओळखली जाते.

जुने नाव जपणे म्हणजेच परंपरा जपणे, असा एक समज आहे. पूना हॉर्सचा दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला तर परंपरा ही त्याहून अवघड गोष्ट असल्याचे दिसून येते. वारशातले काय ठेवायचे, काय टाकायचे आणि जे ठेवले त्याची किंमत कोणी मोजायची, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

तहातून झालेला जन्म

या रेजिमेंटचा जन्म मराठ्यांच्या इतिहासातील एका दुःखद प्रकरणाशी निगडित आहे. वसईच्या तहाने (१८०२) दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. पुढे १३ जून १८१७ रोजी झालेल्या पुणे तहाने त्यांची उरलीसुरली सत्ताही आवळण्यात आली. पेशव्यांनी स्वतः फौज पुरवण्याऐवजी त्या फौजेच्या खर्चाचा मुलूख कंपनीला तोडून द्यावा आणि कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली फौज उभारावी, असे त्यात ठरले. त्यानुसार जुलै १८१७ मध्ये ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ हे घोडदळ उभे राहिले. मुलूख पेशव्यांचा आणि हुकूम कंपनीचा, असा हा प्रकार होता.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच हे घोडदळ पेशव्यांच्या सैन्यासमोर उभे ठाकले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत कंपनीच्या पायदळाबरोबर आणि तोफखान्याच्या लहानशा तुकडीबरोबर पूना ऑक्झिलरी हॉर्सचे सुमारे तीनशे स्वार होते. या पायदळात महार सैनिकांचा मोठा वाटा होता. ज्यांना गावगाड्यात माणूस म्हणून स्थान नव्हते, त्यांच्या पराक्रमाची साक्ष म्हणून तेथील विजयस्तंभाकडे पाहिले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली होती.

हा आरंभ झाकून ठेवण्याचे कारण नाही. पूना हॉर्सची स्थापना साम्राज्याच्या सोयीसाठी झाली. पुढे सिंध, अफगाणिस्तान, इराण अशा अनेक मोहिमांत तिचे स्वार साम्राज्यासाठीच लढले. सैनिकाच्या वैयक्तिक शौर्याचा गौरव करताना, ते शौर्य कोणाच्या हितासाठी खर्ची पडले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

शिलेदार आणि बारगीर

या घोडदळाची रचना महाराष्ट्राला परिचित होती. मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वारांचे दोन प्रकार असत. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. कंपनी सरकारने ही शिलेदारी पद्धत उचलली. भरती होणारा स्वार घोडा घेऊन येई किंवा त्याच्या किमतीची रक्कम रेजिमेंटकडे ठेवी. त्याला पगार अधिक मिळे, पण घोड्याचा दाणावैरणीचा खर्च त्याचा त्याला सोसावा लागे. पूना हॉर्स हे असे शिलेदारी घोडदळ होते.

शिलेदाराला नोकरीत स्वतःची गुंतवणूक असे. घोडा मेला तर नुकसान त्याचे, आणि रेजिमेंटची अब्रू गेली तरी कमीपणा त्यालाच. बाप, मुलगा, नातू एकाच रेजिमेंटमध्ये चाकरी करीत. रेजिमेंट म्हणजे कुटुंब, ही भावना या व्यवस्थेत रुजली. मात्र पहिल्या महायुद्धात फौजा सातासमुद्रापार गेल्या तेव्हा मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे आणि पडलेल्या स्वारांच्या जागी नवे स्वार पुरवणे या पद्धतीला झेपेना. महायुद्धानंतर ती बंद झाली. सवार, दफेदार, रिसालदार हे जुने शब्द मात्र राहिले. आजही चिलखती दलातील साध्या जवानाचा हुद्दा ‘सवार’ हाच आहे, मग तो रणगाड्याचा चालक असो की तोफ डागणारा.

खुशाबची लढाई आणि चांदीचा पंजा

पूना हॉर्सचा वंशवृक्ष दुहेरी आहे. पुण्याच्या घोडदळाखेरीज १८२० मध्ये उभारलेली ‘थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरी’ ही तिची दुसरी पूर्वज. महायुद्धानंतर देशातील घोडदळाच्या ३९ रेजिमेंट कमी करून २१ करण्यात आल्या, तेव्हा १९२१ मध्ये या दोहोंचे एकत्रीकरण झाले आणि पुढे नव्या रेजिमेंटला १७ हा क्रमांक मिळाला. पण त्यापूर्वी चौसष्ट वर्षे हे दोन्ही पूर्वज एकाच रणांगणावर होते.

ते रणांगण इराणमधील खुशाबचे. इंग्रज व इराण यांच्यातील युद्धात ८ फेब्रुवारी १८५७ रोजी तेथे लढाई झाली. इराणी पायदळाने चौकोनी व्यूह रचला होता. चारही बाजूंनी संगिनी रोखलेला असा चौकोन घोडदळाला फोडता येत नाही, असा त्या काळच्या युद्धशास्त्राचा अनुभव होता. थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरीने त्यावर थेट धाव घेतली. आघाडीला असलेल्या लेफ्टनंट मूर यांचा घोडा संगिनींवर पडून मेला आणि त्यांची तलवार मोडली. त्यांना एकटे सापडलेले पाहून लेफ्टनंट माल्कमसन गर्दीतून वाट काढीत त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी आपल्या रिकिबीच्या आधाराने त्यांना बाहेर काढले. चौकोन फुटला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या लढाईत हस्तगत झालेले इराणी निशाण हा पूना हॉर्सचा सर्वांत मोलाचा ठेवा होय. त्या निशाणाच्या टोकाला चांदीचा पंजा आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील पंजा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून सर्वांनी पाहिलेला असतो. हा पंजा त्याच परंपरेतला. ‘ईश्वराचा हात सर्वांच्या वर आहे’ अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेले आहेत. हे शत्रूचे निशाण, शत्रूच्या श्रद्धेचे चिन्ह आणि पवित्र वचन रेजिमेंटने विटाळले नाही, वितळवले नाही, की कोठारात टाकून दिले नाही. तिने ते आपल्या मानाच्या जागी धारण केले. जिंकलेल्या शत्रूच्या श्रद्धेचा आदर राखणे हा या ठेव्याने दिलेला धडा आहे.

खंदकांतून स्वातंत्र्याकडे

पहिल्या महायुद्धात १९१४ साली पूना हॉर्स फ्रान्सच्या आघाडीवर गेली. तेथे घोडदळाला घोडे सोडून चिखलाच्या खंदकांत उतरावे लागले. २४ नोव्हेंबर १९१४ रोजी फेस्तुबेर गावाजवळ लेफ्टनंट फ्रँक डी पास यांनी शत्रूच्या खणत्या चरात शिरून तो उडवून दिला आणि उघड्यावर जखमी होऊन पडलेल्या एका भारतीय शिपायाला गोळीबारातून परत आणले. दुसऱ्याच दिवशी ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

मशीनगन आणि काटेरी तारा यांच्यापुढे घोडा टिकत नाही, हे त्या युद्धाने दाखवून दिले. भारतात १९३८ मध्ये घोडदळाच्या यांत्रिकीकरणास आरंभ झाला. त्या वर्षी सिंद हॉर्सने घोड्यांचा निरोप घेतला. त्याची आठवण म्हणून १ मे हा दिवस चिलखती दलाचा दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूना हॉर्सचेही घोडे गेले. ज्या स्वाराचा दिवस खरारा आणि दाणापाणी यांनी सुरू होई, त्याला आता इंजिन, तोफ आणि बिनतारी यंत्र यांची भाषा शिकावी लागली. घोड्याच्या आधी स्वाराने जेवू नये, असा घोडदळाचा दंडक होता. रणगाड्याची निगा आधी आणि विश्रांती नंतर, हे त्याच दंडकाचे नवे रूप म्हणावे लागेल.

सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या कारवाईत भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरल्या. या कारवाईत पूना हॉर्सचाही सहभाग होता. तहान्वये परकीय सत्तेसाठी उभारलेली ही रेजिमेंट आता स्वतंत्र देशाच्या एकीकरणाच्या कामी आली. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर तिच्या नावातून राणी व्हिक्टोरियाचे नाव गेले, पण पुण्याचे राहिले.

कर्नल तारापोर

हैदराबादच्या विलीनीकरणातूनच रेजिमेंटला तिचा सर्वांत मोठा सेनानी लाभला. आर्देशीर तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या एका पूर्वजाने छत्रपती शिवाजी महाराजांच्या पदरी चाकरी केली आणि त्याबद्दल मिळालेल्या गावांपैकी तारापूरवरून घराण्याला हे आडनाव मिळाले, असे कुटुंबात सांगितले जाते. पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिक्षण घेतल्यावर ते हैदराबाद संस्थानच्या फौजेत अधिकारी झाले. एकदा सरावाच्या वेळी एका रंगरुटाच्या हातून हातबॉम्ब जवळच पडला. तारापोरांनी झेप घेऊन तो उचलून फेकला. त्याच्या स्फोटात त्यांच्या छातीला जखमा झाल्या. संस्थानच्या विलीनीकरणानंतर १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले. तीन वर्षांपूर्वी ज्या फौजेविरुद्ध रेजिमेंट चालून गेली होती, त्या फौजेतला हा अधिकारी. रेजिमेंटने त्यांना आपले मानले, आणि १९६५ मध्ये तिचे नेतृत्व त्यांच्याच हाती होते.

सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट विभागात रणगाड्यांच्या मोठ्या लढाया झाल्या. ११ सप्टेंबर रोजी फिल्लौरा घेण्यासाठी मुख्य धडक मारण्याची कामगिरी पूना हॉर्सकडे होती. फिल्लौरा आणि चविंडा यांच्यामध्ये रेजिमेंट घुसत असता वझीरवालीकडून शत्रूच्या रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला. तारापोर जागेवरून हलले नाहीत. त्यांनी हल्ला थोपवला आणि एका स्क्वाड्रनसह फिल्लौऱ्यावर चाल केली. या लढाईत ते जखमी झाले, पण मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. जखमी अवस्थेतच १४ सप्टेंबरला त्यांनी वझीरवाली आणि १६ सप्टेंबरला जस्सोरान व बुत्तूर डोगरांदी ही ठाणी घेतली. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले, आणि अखेर त्याच दिवशी त्यांना वीरमरण आले. त्यांच्या नेतृत्वाखाली रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले; तिचे स्वतःचे नऊ रणगाडे गेले, असे परमवीर चक्राच्या मानपत्रात नमूद आहे.

युद्धात आपण पडलो तर रणभूमीवरच दहन व्हावे, अशी इच्छा त्यांनी सहकाऱ्याजवळ व्यक्त केली होती. पारशी समाजात दहनाची रूढी नाही. तरीही या श्रद्धावान पारशी सेनानीने आपल्या जवानांची रीत स्वीकारली, आणि सहकाऱ्यांनी त्यांची इच्छा पूर्ण केली. चविंडा त्या युद्धात भारतीय सैन्याच्या हाती आले नाही. पराक्रम झाला म्हणून प्रत्येक उद्दिष्ट साध्य होतेच असे नाही, हे युद्धाचे कठोर वास्तवही येथे लक्षात घेतले पाहिजे.

बसंतरच्या काठी

डिसेंबर १९७१ मध्ये पूना हॉर्स पुन्हा त्याच परिसरात, शकरगड विभागात होती. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग. या युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने बसंतर नदी ओलांडून पैलतीरावर पाय रोवले. त्यांच्या मदतीला रणगाडे पोहोचणे अत्यावश्यक होते, परंतु वाटेत सुरुंग पेरलेले होते आणि सॅपर्सचे वाट मोकळी करण्याचे काम पुरे झालेले नव्हते. पायदळ एकटे पडले तर सकाळी ते चिरडले जाईल, हे ओळखून पूना हॉर्सचे रणगाडे अर्धवट साफ झालेल्या सुरुंगक्षेत्रातूनच पुढे गेले.

या रणगाड्यांपैकी एकाचे नाव होते ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव. त्याचे कमांडर अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला होता. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून आणि पुढे डेहराडूनच्या अकादमीतून शिक्षण घेऊन ते १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्समध्ये दाखल झाले. अहमदनगर येथे तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चालू असतानाच युद्धाच्या चाहुलीने त्यांना रेजिमेंटमध्ये परत बोलावण्यात आले होते. सैन्यात त्यांची सेवा जेमतेम सहा महिन्यांची.

१६ डिसेंबरच्या सकाळी जरपालजवळ शत्रूच्या रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला केला. संख्येने कमी पडलेल्या बी स्क्वाड्रनने कुमक मागितली. दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये असलेले खेत्रपाल आपल्या तुकडीसह धावून गेले. चकमकीत भारतीय बाजूचे अन्य रणगाडे निकामी होत गेले आणि फामागुस्तालाही आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावर आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे, असे त्यांनी कळवले आणि मारा सुरूच ठेवला. त्या चकमकीतील शेवटचा गोळा फामागुस्तावर बसला, तेव्हा समोरचा रणगाडा अगदी जवळ येऊन ठेपला होता. पण शत्रूला तेथून पुढे सरकता आले नाही. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या.

या कथेला आणखी एक प्रकरण आहे. २००१ मध्ये अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. तेथे एका निवृत्त पाकिस्तानी अधिकाऱ्याने त्यांचा अगत्याने पाहुणचार केला. निरोपाच्या आदल्या रात्री या यजमानाने त्यांना सांगितले की, त्या दिवशी फामागुस्तासमोर जो रणगाडा होता, त्याचा कमांडर तो स्वतः होता. आणि अरुणच्या शौर्याला आपला सलाम आहे. तीस वर्षे वाहिलेले ओझे त्याने त्या वृद्ध पित्यापुढे उतरवले. खुशाबच्या पंजाने रेजिमेंटला जो आदर शिकवला होता, तो येथे समोरच्या बाजूने व्यक्त झाला.

परंपरेचा अर्थ

फामागुस्तासारख्या रणगाड्यात चार माणसे असतात : कमांडर, तोफ डागणारा, गोळा भरणारा (बिनतारी यंत्रही तोच सांभाळतो) आणि चालक. आत जागा अपुरी, उष्णता असह्य आणि आवाज कानठळ्या बसवणारा. चालकाला मागचे दिसत नाही. गोळा भरणाऱ्याला बाहेरचे दिसत नाही. प्रत्येकाचा जीव इतर तिघांच्या हाती असतो. कमांडर मात्र परिसर नीट दिसावा म्हणून पुष्कळदा फिरत्या बुरुजातून डोके बाहेर काढून उभा असतो. पोलादाचे कवच असूनही सर्वांत आधी धोका त्यालाच. फामागुस्तामध्ये खेत्रपाल यांच्याबरोबर असलेले सवार नंदसिंग हेही त्या दिवशी धारातीर्थी पडले, हे विसरता येणार नाही. पदक एकाच्या नावे असते. रणगाडा चौघांचा असतो.

अशा प्रसंगी जुनी निशाणे आणि लढायांची नावे प्रत्यक्ष शत्रूचा गोळा अडवीत नाहीत. १९६५ आणि १९७१ मध्ये पूना हॉर्सचे यश तोफ डागणाऱ्यांच्या अचूक नेमावर, वर्षानुवर्षांच्या सरावावर आणि शांत डोक्याने दिलेल्या हुकमांवर उभे होते. मग परंपरेचे काम काय? आपल्याआधी या जागी कोण उभे होते आणि ते कसे वागले, याची जाणीव परंपरा देते. सहा वर्षांपूर्वी आपल्याच रेजिमेंटचा प्रमुख जखमी असतानाही मागे गेला नव्हता, हे खेत्रपाल यांना सांगण्याची गरज नव्हती. ती जाणीव अभिमानाची असते आणि ओझ्याचीही. एकविसाव्या वर्षी तिची किंमत मोजणारे तरुण असतात, म्हणून देशाने तिचा उल्लेख जपून आणि कृतज्ञतेने करावयास हवा.

शाळा आणि गावे यांच्यासाठी

महाराष्ट्रात या इतिहासाच्या खुणा ठिकठिकाणी आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील संचलन मैदान खेत्रपाल यांच्या नावाने ओळखले जाते. देशाचे भावी सेनाधिकारी तेथूनच दीक्षा घेऊन बाहेर पडतात. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथील रणगाडा संग्रहालय विद्यार्थ्यांच्या सहलीसाठी उत्तम ठिकाण आहे. दूर अंदमानातील दोन बेटांनाही २०२३ मध्ये तारापोर व खेत्रपाल यांची नावे देण्यात आली.

शिक्षकांनी हा विषय शिकवताना केवळ लढायांच्या तारखा पाठ करून घेऊ नयेत. कोरेगावचा स्तंभ, नळदुर्गचा रस्ता आणि बसंतरचा काठ यांना जोडणारा धागा विद्यार्थ्यांना शोधू द्यावा. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील माजी सैनिक आणि वीरपत्नी यांची नोंद ठेवावी, त्यांच्या आठवणी शाळेतून ऐकवाव्यात आणि निवृत्तिवेतन वा सवलतींबाबत काही अडचण असल्यास त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत पोहोचवण्यास मदत करावी. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनी निधी देऊन कर्तव्य संपत नाही.

गेल्या दोनशे वर्षांत या रेजिमेंटचा राजा बदलला, वाहन बदलले आणि शत्रूही बदलला. पुण्याचे नाव मात्र टिकले. त्या नावाला आज जो अर्थ आहे, तो १८१७ च्या तहाने दिलेला नाही. बुत्तूर डोगरांदीच्या शेतात आणि बसंतरच्या काठी मागे न सरलेल्या माणसांनी तो दिला आहे.